नासवलेल्या दुधाची भाजी

पनीर हा शब्द आमच्या घरात आला तो दवाखान्यातून. ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. मी मोहाडीला तहसील कचेरीत कारकून होतो आणि माझ्या बायकोला नागपूरला बिजलीचा शेक, म्हणजे कॅन्सरवरचं रेडिएशन, देणं चालू होतं. तिच्या गालाच्या आतल्या बाजूला गाठ निघाली होती. लहानपणापासून ती गुडाखू घासत आली होती, म्हणजे तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा. आमच्याकडे कितीतरी बायकांचं सकाळी त्याच्याशिवाय पान हलत नाही. मी तिला कधी अडवलं नव्हतं. अडवायला पाहिजे होतं असं मला नंतर बऱ्याच जणांनी ऐकवलं, आणि ऐकवणाऱ्यांच्या घरीही डबी होतीच.

शेक दोन भागांत द्यायचा होता. पहिला भाग झाला की महिनाभर घरी राहायचं, तोंडातली आग शमू द्यायची आणि मग दुसरा भाग. घरी पाठवताना डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. दुसऱ्या भागाला येताना वजन चाळीस किलोच्या वर पाहिजे. नाहीतर शरीर शेक सोसणार नाही, आणि दुसरा भाग दिला नाही तर पहिल्याचाही उपयोग नाही. ती तेव्हा साडेअडतीस होती. डॉक्टर म्हणाले, अंडी द्या. अंडं नुसतं पाहिलं तरी तिला उमासे येत. मग दूध द्या, पनीर द्या, पण तिखट नको, आंबट नको, मीठ नावापुरतं. मी मान डोलावली. पनीर मी जन्मात एकदाच खाल्लं होतं, नागपूरला कचेरीच्या कामाला गेलो असताना, आणि त्यावर बोटभर लाल तर्री होती.

त्या दिवसांत मला काय वाटत होतं, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर ‘काहीच नाही’ असं आहे. मी कचेरीत जात होतो, सातबाराच्या नकला लिहीत होतो, घरी येत होतो. रात्री पडल्या पडल्या झोप लागायची. लोक विचारत, "कसं हाय घरी?" मी म्हणायचो, "ठीक हाय." हातावर निजल्यावर हात जसा आपला वाटत नाही तसं काहीतरी आतून झालं होतं. त्याची थोडी लाज वाटायची, पण तीही लांबूनच.

आम्हाला मूल नव्हतं. दोन खोल्या, पुढे ओसरी आणि मागे गोठा. गोठ्यात एक गाय. ती बायकोच्या माहेरची, कोंढ्याची. तिच्या वडिलांनी कालवड म्हणून दिली होती आणि आता तिचं दुसरं वेत होतं. वासरू दोन महिन्यांचं होतं. गाईचं सगळं बायको करायची, धारसुद्धा मला जमत नव्हती. ती आजारी पडल्यावर शेजारच्या काकू धार काढून देऊ लागल्या, पण तरी ती रोज सकाळी उठून गोठ्यात जायची, गाईच्या मानेखाली खाजवत उभी राहायची. तोंड उघडून बोलायला त्रास व्हायचा, पण गाईशी बोलायला तोंड उघडावं लागत नसे.

पनीर कसं करतात हे विचारायला मी हमरस्त्यावरच्या ढाब्यावर गेलो. तिथल्या सरदारजींना वाटलं मी धाड घालायला आलोय, कारण मी नाव, गाव आणि हुद्दा सांगून सुरुवात केली. कारकुनाची खोड. कारण कळल्यावर मात्र त्यांनी खाट ओढून बसवलं आणि शिकवलं. दूध उकळलं की खाली उतरवायचं, लिंबू पिळायचं, पाणी हिरवट दिसलं की थांबायचं. फडक्यात गाळून दोनदा पाण्याने धुवायचं म्हणजे आंबटपणा जातो. वर दगड ठेवायचा, पण बीमार माणसासाठी जास्त वेळ नाही, नरम राहू द्यायचं. रश्श्यासाठी काजू वाटा म्हणाले. मी म्हटलं, काजू आमच्याकडे लग्नात दिसतात. मग ते म्हणाले, जे असेल ते. आमच्याकडे चारोळी होती. आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाच्या घरी दुसरं काही नसलं तरी उन्हाळ्यात वेचलेली चारोळी डब्यात असते.

घरी येऊन मी मोठ्या हौसेने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "नाई."

"काहून?"

"घरी वासरू पिते नं जी. जानून दूध नासवाचं? कास सुकते गाईची."

तिच्या माहेरी दूध चुकून नासलं तरी तिची आई गाईच्या शिंगाला हळदकुंकू लावून पाया पडायची. ‘दूध नासवणारी’ ही तिकडे बायकांना द्यायची शिवी होती. मी म्हटलं, मग गवळ्याचं दूध आणतो.

"थेही कोन्या गाईचंच असन. तिले वासरू नाई का?"

मी चिडलो. म्हटलं, मरशील. ती म्हणाली, "मंग मरन." आणि कूस बदलली. मी तसाच जोडे घालून कचेरीत गेलो आणि दिवसभर काम केलं, त्यात एकही चूक झाली नाही.

त्या आठवड्यात ती जेमतेम दूधभात गिळत होती, दोन घास आणि बस. मोहाडीत माणसाचं वजन करायचं साधन माझ्या माहितीत नव्हतं, म्हणून मी तिला धानाच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर नेत असे. पोती बाजूला करून व्यापारी तिला फळीवर उभं करायचा आणि आवाज खाली करून आकडा सांगायचा. अडतीस.

मग एक दिवस दूध खरंच नासलं. पातेलं मी धुतलेलं, म्हणजे नीट धुतलेलं नाही. मी ओसरीवर जाऊन सांगितलं, नासलं. तिने विचारलं, "आपोआप?" मी म्हटलं, आपोआप. ती म्हणाली, "तुमच्या हातानं दुसरं काय होनार. फेकू नका, अन्न हाय. खाऊन टाकू." आपोआप नासलेलं दूध ही देवाची मर्जी होती, ते खाण्यात पाप नव्हतं, टाकण्यात होतं. मी स्वयंपाकघरात परत आलो आणि त्या नासलेल्या दुधासमोर बराच वेळ उभा राहिलो. एवढा साधा रस्ता असताना मी आठ दिवस वाया घालवले असं मला वाटलं. मी फार हुशार आहे असंही वाटलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा ती भाजी केली. कांदा उकडून वाटला, कारण भाजलेला तिच्या तोंडाला चरचरत होता. चारोळी भिजवून, सालं चोळून काढून पाट्यावर गंधासारखी वाटली. तुपात एक वेलदोडा टाकला, त्यावर कांदा, मग चारोळी, मग साय. टमाटर नाही, हळद नाही, मिरचीचं तर नावच नाही. रटरट करू लागल्यावर पनीर हाताने कुस्करून टाकलं, चावायला लागू नये म्हणून. मऊ चिन्नोर भातावर ते कोमट करून वाढलं. ताटात सगळं पांढरं दिसत होतं.

"हे काय भाजी हाय का जी?" ती म्हणाली. "कोनी पाह्यलं तं म्हनतील घरात सुतक हाय." पण तिने खाल्लं. सगळं खाल्लं. तोंडाची चव गेलेली होती, त्यामुळे भाजी कशी झाली हे तिला सांगता येईना. मी चाखून पाहिली तर ती बरी होती. मला तिखटाची सवय, तरी बरी होती.

दोन दिवसांनी दूध पुन्हा ‘नासलं’. मग पुन्हा एक दिवसाआड. परसातल्या झाडाची लिंबं मी कोटाच्या खिशात आणत होतो आणि साली लांब उकिरड्यावर नेऊन टाकत होतो. एरवी ती असली चाणाक्ष की तिला फसवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. पण तिचा वास घ्यायचा गुण गेला होता आणि ती ओसरीवर खाटेवर पडून असायची. सुरुवातीला तिने मला शिव्या घातल्या. पातेलं राखेनं घासा म्हणाली, मी घासलं. दुसरं पातेलं घ्या म्हणाली, घेतलं. सकाळचं दूध वेगळं तापवा म्हणाली, तेही केलं. आणि दर वेळी येऊन चेहरा पाडून सांगत राहिलो, नासलं. काट्यावर एकोणचाळीस झाले, मग साडेएकोणचाळीस. मला आनंद झाला नाही, पण आकडा बरोबर दिशेने जातोय हे कळलं.

ती शिव्या द्यायची थांबली तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. एका सकाळी ती गोठ्यात गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी समजलो, थकवा असेल. गाय मागे हंबरायची आणि ती ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडायची. काकू धार काढायला आल्या की ती पदर तोंडाशी धरून म्हणायची, "दूध माह्या इकडून नेऊ नका, तिकडून न्या." मी तेही ऐकलं आणि सोडून दिलं.

मग एका रविवारी दुपारी तिचा भाऊ कोंढ्याहून आला. तिने मला न विचारता निरोप धाडला होता. त्याने येताच दावं सोडायला घेतलं. मी विचारलं, हे काय? ती खाटेवर उठून बसली आणि बोलली. एवढं लांब ती महिनाभरात बोलली नव्हती.

नागपूरला शेक देताना तिला टेबलावर निजवायचे आणि सगळे खोलीबाहेर जायचे. डॉक्टर, नर्स, मशीनवाला, सगळे. जाडजूड दार बंद व्हायचं. तिच्या डोक्यात एकच बसलं होतं की ज्याच्यापासून एवढे शिकलेले लोक पळतात, ते तिच्या अंगात भरलं जातंय.

"माह्या अंगात करंट हाय," ती म्हणाली. "त्यानंच दूध नासून राह्यलं. पातेल्याचा दोष नाई, तुमचाही नाई. मी गाईजवळ जानं सोडलं तरी नासते. आता वासराले काही झालं तं? गाय जाऊ द्या."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य होतं आणि ते मला येत होतं. पण साळा उभा होता, दावं त्याच्या हातात होतं, आणि नासवलं म्हटलं की त्याच्यासमोर मी त्याच शिवीच्या लायकीचा माणूस ठरलो असतो. शिवाय अर्धा किलो बाकी होतं. मी मनात म्हटलं, गाय काय, परत आणता येईल. आणि मी दार उघडून धरलं. गाय जाताना ती ओसरीवरून खाली उतरली नाही. वासरू मागे वळून उड्या मारत होतं, तेवढं तिने पाहिलं.

गाय गेल्यावर मी गवळ्याचं दूध लावलं. पहिल्या दिवशी ते नासवायची माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळी तिने विचारलं, "आज नासलं?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "पाहा. गाय घरची होती, म्हनून तिलेच लागत होतं." दोन दिवसांनी मी लिंबू पिळलं आणि सांगितलं, नासलं. तेव्हा ती म्हणाली, "आता परक्या गाईलेही लागून राह्यलं. करंट वाढला." मी कुठूनही सांगितलं तरी ती तिथेच पोचत होती. ती भाजीला हात लावेना. तरी काट्यावर तोवर चाळीस आणि वर थोडं झालं होतं. व्यापाऱ्याने त्या दिवशी आकडा मोठ्याने सांगितला.

घरी येताना मी म्हटलं, झालं, सोमवारी नागपूरला निघू. ती रस्त्यात थांबली.

"मी जात नाई."

"काहून?"

"आनखी करंट भरून घेऊ? गाय गेली. घरात आता तुमीच उरले. तुमाले काही झालं तं मी कोनाच्या तोंडाकडे पाहू?"

तिच्या गालावर शेकाने काळा डाग पडला होता आणि उन्हात तो चकाकत होता. ती माझ्यासाठी मरायला तयार झाली होती, आणि तेही मी सांगितलेल्या खोट्यामुळे. हे मला तेव्हा स्वच्छ कळलं. कळलं, पण छातीत काही हललं नाही. मी फक्त म्हटलं, चल घरी.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं. दूध मी नासवतो. लिंबू पिळून. पहिला दिवस सोडला तर दर वेळी मीच.

ती हसली. त्या तोंडाने जेवढं हसता येतं तेवढं. "मले नागपूरले न्याले तुमी काहीही सांगान."

मी शपथ घेतली. तिने हात झटकला. लिंबाच्या साली दाखवायला उकिरड्यावर चल म्हटलं, तर म्हणाली, गावात साली काय कमी आहेत. शेवटी मी स्टोव्ह उचलून ओसरीवर तिच्या खाटेजवळ आणला, वर दुधाचं पातेलं ठेवलं. ती मागे सरकली. "माह्याजवळ नका आनू, नासन." मी म्हटलं, नासू दे. आम्ही दोघं त्या पातेल्याकडे पाहत बसलो. दूध तापलं, साय धरली, फुगून वर आलं. मी खाली उतरवलं.

"नासलं का?" मी विचारलं.

"थांबा," ती म्हणाली.

थांबलो. तिने वाकून पाहिलं, मग भीत भीत बोट पातेल्याच्या कडेला लावलं, मग अख्खा पंजा. दूध होतं तसंच होतं. मग मी खिशातून लिंबू काढलं, कापलं आणि तिच्या डोळ्यांसमोर पिळलं. चमच्याने दोनदा फिरवल्यावर दूध फाटलं, पाणी हिरवट झालं.

"असंच?" तिने विचारलं.

"असंच."

"अन् दर वेळी तोंड पाडून येत होते माह्यासमोर."

मी सवयीने लिंबाची साल खिशात घातली.

"मी गाईजवळ गेली नाई. गाय वरडे, मी कान झाकून घेई. तुमी पाहत होते."

"पाहत होतो."

"अन् जाऊ देली तुमी तिले." मला वाटलं आता रडेल, किंवा पातेलं भिरकावेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने पदराने बोट पुसलं आणि म्हणाली, "नासलंच हाय तं करा भाजी. भूक लागली."

मी भाजी केली. तिने खाल्ली. सोमवारी आम्ही नागपूरला गेलो, डॉक्टरांनी वजन पाहून मला शाबासकी दिली, आणि तिने दुसऱ्या भागाचे सगळे शेक घेतले. दार बंद होताना ती माझ्याकडे पाहत नसे.

परत आल्यावर मी कोंढ्याला जाऊन गाय आणली. ती आटली होती. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, जागा बदलली, चारा बदलला, होतं असं. बायकोने शिंगाला हळदकुंकू लावलं, पाया पडली आणि बाजूला झाली. मी पुढे होऊन पाया पडलो. पाप कोणाचं हे आमच्यात कधी बोललं गेलं नाही.

गाठ गेली. चार वर्षं बरी गेली. ती सगळं खायला लागली, तिखटसुद्धा, आणि दूध मात्र स्वतःच तापवायची. भाजीवाला काय म्हणाला, कचेरीतून यायला उशीर का झाला, असलं साधं काही मी सांगितलं तरी ती आधी माझा चेहरा पाहायची आणि मग ‘बरं’ म्हणायची. भांडण नव्हतं. राग असता तर मी कधीतरी तो काढून टाकला असता.

मग जबड्याखाली पुन्हा गाठ आली. नागपूरला मोठ्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की त्याच जागी आता पुन्हा शेक देता येत नाही आणि दुसरं करण्यासारखं काही नाही. मी नळावर तोंड धुतलं, नीट पुसलं आणि वॉर्डात गेलो. नर्स तिची सलाईन बदलत होती. मी म्हटलं, "साधी गाठ हाय म्हंते. गोळ्यानं जाईन."

तिने माझा चेहरा पाहिला. ‘बरं’ म्हणाली नाही. मान नर्सकडे वळवली.

"बाई, हे काय सांगून राह्यले? तुमी खरं सांगा मले."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा बायको माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमी जरा बाहेर थांबा जी." मी बाहेर जाऊन थांबलो.